पिग्मीची खतावणी उघडायला पाऊण तास: डेटाबेसची रिकव्हरी आणि एका इंडेक्सची चूक

खानापूर तालुक्यातल्या एका सौहार्द पतसंस्थेचा संगणक विभाग सांभाळणाऱ्या तरुणाचा प्रश्न आहे. अकरा शाखा, सगळ्यांचा मिळून एकच सर्व्हर. लिनक्सचे उबंटू २२.०४, पोस्टग्रेस या डेटाबेसची १४.२ आवृत्ती, रॅम ३२ जीबी, डिस्क साधी ७२०० आरपीएमची. पावसाळ्यात लाईट जाते, यूपीएसची बॅटरी पाच मिनिटेही धरत नाही आणि सर्व्हर तसाच बंद पडतो. लाईट आल्यावर डेटाबेस चाळीस-पन्नास मिनिटे उघडतच नाही. काउंटरसमोर रांग, पिग्मी एजंट मशीन घेऊन ताटकळत उभे. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याने मागे तीन सेटिंग बदलली होती: चेकपॉइंट टाइमआउट एक तास, मॅक्स वॉल साईझ ३२ जीबी आणि फुल पेज राइट्स बंद. (वॉल म्हणजे प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो ती नोंदवही, बाकीचे अर्थ पुढे येतात.) पिग्मी खात्यांच्या टेबलवर नऊ इंडेक्स, म्हणजे शोधायच्या याद्या, आहेत. त्यांत नाव-गाव शोधण्यासाठी एक ट्रायग्रामचा (तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांवरून शोधणारा) आणि गेल्या वर्षी वाढवलेला 'शेवटचा बदल' या रकान्यावरचा एक. शेवटच्या खेपेच्या लॉगमधली ओळ सांगते की रीडू, म्हणजे वॉलमधल्या नोंदी पुन्हा चढवण्याचे काम, पूर्ण व्हायला २६०० सेकंद लागले आणि त्यात सीपीयू फक्त ७० सेकंद. शिवाय अलीकडे काही सभासद पूर्ण नाव टाकून सापडत नाहीत, खाते क्रमांकाने मात्र सापडतात. पुरवठादार म्हणतो डेटाबेस मोठा झालाय, नवा सर्व्हर घ्या.

सर्व्हर घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. तुम्ही दिलेल्या माहितीतच बहुतेक उत्तर आहे. पण त्याआधी एक गोष्ट, कारण उद्याच पुन्हा लाईट जाऊ शकते.

रिकव्हरी चालू असताना सर्व्हर पुन्हा बंद-चालू करू नका. शाखेतून फोनवर फोन येतात, पडद्यावर काही हलत नाही, हात आपोआप बटणाकडे जातो, हे मला माहीत आहे. पण क्रॅश रिकव्हरी मध्येच मारली की पुढच्या वेळी ती पुन्हा त्याच जागेपासून, म्हणजे शेवटच्या पूर्ण झालेल्या चेकपॉइंटच्या रीडू जागेपासून सुरू होते. तीस मिनिटे झाली असतील तर ती तीस मिनिटे वाया गेली. काम चालू आहे की अडकले आहे हे बघायचे असेल तर पीएस कमांडने पोस्टग्रेसच्या प्रोसेस बघा. 'स्टार्टअप रिकव्हरिंग' असे लिहिलेल्या ओळीत सध्या लावत असलेल्या वॉल फाईलचे चोवीस अक्षरी नाव असते. एक मिनिटाने पुन्हा बघा. प्रत्येक फाईल १६ एमबीची असते, त्यामुळे मिनिटाला किती फाईल सरकतात त्यावरून वेग कळतो आणि वॉलच्या फोल्डरमध्ये पुढे किती उरल्या त्यावरून जास्तीत जास्त किती वेळ लागेल तेही सांगता येते (पुढच्या नावाच्या काही फाईली नुसत्या पुन्हा वापरायला ठेवलेल्याही असतात). शाखेला 'फार तर अजून वीस मिनिटे' असे सांगता आले की निम्मा ताण उतरतो. पंधराव्या आवृत्तीपासून लॉगमध्ये दर दहा सेकंदांनी प्रगतीची ओळ आपोआप येते, तुमच्या चौदाव्या आवृत्तीत ती सोय नाही.

वॉलच्या फोल्डरला कधीही हात लावू नका. चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्यात ऐन गळीत हंगामात मी हे बघितले आहे. वजनकाट्याचा सर्व्हर असाच उघडत नव्हता, डिस्कही भरत आली होती, म्हणून तिथल्या माणसाने 'लॉग' समजून त्या फोल्डरमधल्या फाईल उडवल्या. तेव्हा त्या फोल्डरच्या नावातच लॉग हा शब्द होता. हा घोटाळा इतक्या ठिकाणी झाला की २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत पोस्टग्रेसने ते नाव बदलले. कारखान्यात त्या रात्री आलेल्या उसाच्या गाड्यांची वजने कागदी पावत्यांवरून पुन्हा भरावी लागली. पावत्या जपून ठेवल्या होत्या म्हणून शेतकऱ्यांचे पैसे वाचले. पीजी रीसेट वॉल नावाची कमांड इंटरनेटवर सुचवली जाते, तीही हेच करते. रिकव्हरी झटक्यात संपते, कारण जे भरून काढायचे तेच टाकून दिलेले असते.

तुमच्या संस्थेत कीर्द आणि खतावणी सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्याच भाषेत सांगतो. वॉल ही कीर्द. व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत उतरतो, खतावणीत नंतर सवडीने चढतो. चेकपॉइंट म्हणजे 'इथपर्यंतची कीर्द खतावणीत चढली' अशी मारलेली खूण. लाईट गेली की शेवटच्या खुणेपासून पुढची कीर्द वाचत एकेक नोंद खतावणीत चढवायची, हीच रिकव्हरी. पोस्टग्रेसमध्ये हे काम एकटी एक प्रोसेस करते, सीपीयूला कोअर कितीही असोत. म्हणून डेटाबेस ५ जीबीचा आहे की ५०० जीबीचा याचा रिकव्हरीच्या वेळेशी थेट संबंध नाही. संबंध आहे तो दोन गोष्टींशी: खुणेनंतर कीर्द किती साचली, आणि त्यातली प्रत्येक नोंद चढवायला खतावणीची किती वेगवेगळी पाने उघडावी लागतात.

इंडेक्स म्हणजे खतावणीच्या सुरुवातीला असते तशी नावांची यादी. पण तुमच्या खतावणीला एक नव्हे, नऊ याद्या आहेत, आणि प्रत्येक यादीतला बदल कीर्दीत स्वतंत्रपणे लिहावा लागतो.

आता लॉगमधली ती ओळ बघा. २६०० सेकंदांत सीपीयूचे काम ७० सेकंद. म्हणजे ती एकटी प्रोसेस जवळजवळ सगळा वेळ डिस्कची वाट बघत बसली होती. ७२०० आरपीएमची डिस्क विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला साधारण शंभर वेळा वाचू शकते. २६०० सेकंदांत झाले दोन लाख साठ हजार वाचन, प्रत्येकी ८ केबीचे पान धरले तर फक्त दोन जीबीच्या आसपास. दोन जीबी सलग वाचायला याच डिस्कला अर्धा मिनिटही लागत नाही. पाऊण तास लागला तो पाने विखुरलेली होती म्हणून.

हे आकडे उलटे असते, २६०० पैकी २५०० सेकंद सीपीयूचेच असते, तर मी इंडेक्सकडे वळलोच नसतो. तशी केस मला दुसऱ्या एका संस्थेत भेटली होती. तिथे प्रत्येक अहवालासाठी खरेखुरे टेबल तयार करून लगेच उडवले जात होते, महिनाअखेरीला हजारोंनी. रिकव्हरीत असे प्रत्येक टेबल उडवताना पोस्टग्रेस शेअर्ड बफर्सची (रॅममध्ये पाने ठेवायच्या जागेची) सगळी यादी धुंडाळत असे. बफर्स १६ जीबीचे, म्हणजे वीस लाखांहून जास्त खाने, दर टेबलमागे एक पूर्ण फेरी. सीपीयू कशात गुंतला आहे ते दाखवणारी पर्फ टॉप ही कमांड लावल्यावर पाच मिनिटांत ते दिसले. लहान टेबलांपुरते हे चौदाव्या आवृत्तीत सुधारले आहे. सांगायचा मुद्दा, सीपीयू की डिस्क हे आधी ठरवा. त्यावर पुढचा सगळा शोध अवलंबून असतो.

तिसरीही एक शक्यता असते. लॉगमध्ये रीडू सुरू झाल्याची ओळ येण्याआधीच खूप वेळ जातो. रीडूच्या आधी पोस्टग्रेस डेटा फोल्डरमधली प्रत्येक फाईल उघडून डिस्कवर पक्की करते. प्रत्येक इंडेक्सची स्वतंत्र फाईल असते. शाखावार, वर्षवार पार्टिशन, म्हणजे टेबलचे तुकडे, आणि त्यांवर प्रत्येकी सात-आठ इंडेक्स झाले की फाईली हजारोंनी होतात. चौदाव्या आवृत्तीपासून रिकव्हरी इनिट सिंक मेथड या सेटिंगला सिंकएफएस दिले की लिनक्सवर हा वेळ वाचतो. तुमचा वेळ मात्र रीडूमध्येच गेला आहे, म्हणून हे इथे सोडतो.

तर दोन लाख साठ हजार पाने वाचावी का लागली? फुल पेज राइट्स बंद केले म्हणून.

हे सेटिंग चालू असताना चेकपॉइंटनंतर एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला की पोस्टग्रेस त्या पानाची पूर्ण प्रत कीर्दीत उतरवते. कीर्द फुगते खरी, पण रिकव्हरीच्या वेळी ते पान डिस्कवरून शोधून आणावेच लागत नाही, प्रत कीर्दीतच असते, ती जागेवर ठेवली की झाले. कीर्द सलग वाचली जाते आणि सलग वाचनात साधी डिस्कही वेगवान असते. सेटिंग बंद केले की कीर्दीत फक्त 'अमक्या पानावर अमक्या जागी एवढे लिही' असे उरते, आणि ते पान आणायला डिस्कच्या सुईला दरवेळी धावावे लागते. लाईट जाऊन आलेली असते, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची कॅशही रिकामी. (यामुळेच सर्व्हिस मारून पुन्हा चालू करण्याचा प्रयोग फसवा ठरतो. त्यात कॅश भरलेली राहते आणि रिकव्हरी दोन मिनिटांत होते. खरी चाचणी करायची तर मशीनच बंद करून चालू करावे लागते, आणि तेही प्रतीवर, चालू डेटाबेसवर नाही.)

वेळेपेक्षाही मला जास्त काळजी वाटते ती याच सेटिंगमुळे. पोस्टग्रेसचे पान ८ केबीचे, डिस्क आणि फाइलसिस्टिम सहसा ४ केबीच्या तुकड्यांत लिहितात. पान लिहिता लिहिता लाईट गेली तर अर्धे नवे, अर्धे जुने असे फाटके पान डिस्कवर राहू शकते. पूर्ण प्रत कीर्दीत असती तर ते दुरुस्त झाले असते. नसेल तर त्या फाटक्या पानावरच पुढच्या नोंदी चढतात. इंडेक्सचे पान असेल तर इंडेक्स बिघडतो, टेबलचे असेल तर लोकांच्या ठेवींचा हिशोब. हे सेटिंग आजच चालू करा. नुसते रीलोड पुरते, सर्व्हर बंद करावा लागत नाही. त्यानंतर हाताने एक चेकपॉइंट मारा.

आता पुरवठादाराने ते बंद का केले असेल हे बघू, कारण मूळ तिथे आहे. वॉल फार तयार होते, डिस्क भरते, संध्याकाळी सर्व्हर रेंगाळतो, अशी तक्रार तुम्हीच केली असणार. त्याने वॉल कमी करायचा सगळ्यात सोपा उपाय केला आणि चेकपॉइंट लांब ढकलले. पण इतकी वॉल तयार होतेच कशाने, हे कोणी विचारले नाही. माझा संशय गेल्या वर्षीच्या त्या 'शेवटचा बदल' इंडेक्सवर आहे.

पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी ओळ तशीच राहते आणि नवी आवृत्ती लिहिली जाते. बदललेल्या रकान्यांपैकी एकावरही इंडेक्स नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर नवी आवृत्ती तिथल्या तिथे जोडली जाते आणि इंडेक्सना पत्ताही लागत नाही. याला हॉट अपडेट म्हणतात. पिग्मी जमा झाली की काय बदलते? शिल्लक आणि शेवटच्या बदलाची वेळ. या दोन्हींवर इंडेक्स नव्हता तोवर नऊ हजार जमा झाल्या काय, तीन हजार झाल्या काय, इंडेक्स शांत होते. त्या वेळेच्या रकान्यावर इंडेक्स आला आणि त्या दिवसापासून प्रत्येक जमेला नऊच्या नऊ इंडेक्समध्ये नवी नोंद होऊ लागली. नाव बदलले नाही, गाव बदलले नाही, तरी नावाच्या इंडेक्सलाही नवी नोंद, कारण ओळीचा पत्ता बदलला. एका इंडेक्सने बाकीच्या आठांना कामाला लावले.

त्या आठांत तुमचा ट्रायग्रामचा जिन इंडेक्स आहे. तो मजकुराचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा नोंदवतो. सभासदाचे पूर्ण नाव, गाव आणि गल्ली मिळून सहज तीस-चाळीस तुकडे होतात. पन्नास रुपयांची एक पिग्मी, आणि तिच्यामागे इंडेक्समध्ये चाळीसेक जागी लिखाण. जिन ते आधी एका प्रलंबित यादीत साठवतो आणि यादी ४ एमबीची झाली किंवा व्हॅक्यूम (जुन्या, मेलेल्या ओळींची साफसफाई) आला की एकदम मुख्य झाडात उतरवतो. म्हणून संध्याकाळी सर्व्हर मध्येच अडखळतो आणि पुन्हा चालतो.

हा माझा अंदाज झाला. तो तुमच्या आकड्यांवर पडताळल्याशिवाय एकही इंडेक्स उडवू नका. पडताळणी अशी.

पीजी स्टॅट यूजर टेबल्स या पोस्टग्रेसच्या मोजणीच्या तक्त्यात पिग्मी खात्यांच्या ओळीत एकूण अपडेट आणि हॉट अपडेट असे दोन आकडे असतात. संध्याकाळची जमा संपल्यावर बघा. हॉटचा आकडा शून्याजवळ असेल तर संशय खरा.

मग कीर्दच उघडायची. रिकव्हरी संपल्यावर जुन्या वॉल फाईली पुसल्या किंवा पुन्हा वापरल्या जातात, म्हणून सर्व्हर पडला त्या वेळची कीर्द नंतर मिळत नाही. तिच्यामागे न लागता एक साधी संध्याकाळ निवडा. वॉल कीप साईझ (जुनी वॉल किती राखायची ते सेटिंग) तेवढ्यापुरते वाढवा, पाच वाजता सध्याची वॉल जागा विचारून लिहून ठेवा, एजंटांची मशीन उतरवून झाली की पुन्हा लिहून ठेवा. त्या दोन जागांमधल्या वॉलवर पीजी वॉलडंप ही वॉल वाचून दाखवणारी कमांड चालवा, स्टॅट्स पर्यायाला 'रेकॉर्ड' देऊन. नोंदीचा प्रकार, संख्या, आकार आणि पूर्ण पानांच्या प्रतींचा आकार असा तक्ता येतो. हीप म्हणजे टेबल, बीट्री म्हणजे नेहमीचे इंडेक्स, जिन म्हणजे ट्रायग्राम. हीपच्या एका नोंदीमागे बीट्रीच्या आठ-आठ नोंदी दिसल्या तर चित्र स्पष्ट आहे. नेमका कोणता इंडेक्स हे कळायला वॉलडंप स्टॅट्सशिवाय चालवा. प्रत्येक ओळीत 'रेल' शब्दापुढे तिरप्या रेघांनी तोडलेले तीन आकडे येतात. तिसरा आकडा फाईलनोड. तो कितीदा आला ते मोजा आणि पीजी क्लास या टेबल-इंडेक्सच्या यादीतल्या रेलफाईलनोडशी जुळवून इंडेक्सचे नाव काढा. तासाभराचे काम आहे, पण पुरवठादारापुढे ठेवायला यासारखा कागद नाही.

इथे एका सापळ्यात मी भल्याभल्यांना अडकताना पाहिले आहे. न वापरलेला इंडेक्स शोधायला सगळे आयडीएक्स स्कॅनचा (इंडेक्स कितीदा वापरला याचा) आकडा बघतात, शून्य दिसला की उडवतात. पण क्रॅश रिकव्हरी झाली की पोस्टग्रेस हे सगळे मोजणीचे आकडे टाकून देते. तुमच्याकडे पावसात दर दोन-तीन दिवसांनी सर्व्हर पडतो, म्हणजे तो शून्य कालपासूनचा असू शकतो. मार्चअखेरीच्या व्याजाला किंवा ऑडिटला लागणारा इंडेक्स जुलैत शून्यच दाखवणार. मला वाटते 'शेवटचा बदल' इंडेक्स 'आज कोणाची पिग्मी आली नाही' या अहवालासाठी घातला असावा. तसे असेल तर तो अहवाल व्यवहारांच्या टेबलमधल्या तारखेवरून काढता येतो. तिथे ओळी फक्त वाढतात, बदलत नाहीत.

आकडे पुसले जाण्याचा दुसरा परिणाम जास्त खोल जातो. मेलेल्या ओळी साफ करायला ऑटोव्हॅक्यूम कधी यावा हे त्याच मोजणीवर ठरते. मूळ नियम: ५० अधिक टेबलच्या ओळींच्या वीस टक्के. पन्नास हजार पिग्मी खाती धरली तर दहा हजार पन्नास मेलेल्या ओळी झाल्यावर तो येणार. समजा रोज सहा हजार जमा होतात. पहिल्या दिवशी सहा हजार मोजले, दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली, मोजणी शून्य. पुन्हा सहा हजार, पुन्हा शून्य. मेलेल्या ओळी साचत जातात आणि मोजणी मात्र उंबरठ्यापर्यंत पोचतच नाही. चौदाव्या आवृत्तीत बी-ट्री इंडेक्स स्वतःहून काही साफसफाई करतो, जिन करत नाही. टेबल आणि इंडेक्स फुगतात, तोच बदल जास्त पानांवर पसरतो, पुढची रिकव्हरी आणखी लांबते. जूनमध्ये वीस मिनिटे लागत होती आणि ऑगस्टमध्ये पन्नास, असे तुमच्याकडे झाले असेल तर कारण हे आहे. त्या टेबलपुरता ऑटोव्हॅक्यूमचा स्केल फॅक्टर (वरचे वीस टक्के) ०.०२, म्हणजे दोन टक्के, करा आणि प्रत्येक क्रॅशनंतर त्याच रात्री व्हॅक्यूम अ‍ॅनालाइझ हाताने चालवायची शिस्त लावा.

आता नाव न सापडणाऱ्या सभासदांकडे येऊ. पुरवठादार म्हणतो हे रिकव्हरीमुळे झाले. रिकव्हरी बी-ट्रीमध्ये नोंद चढवताना नावांची तुलना करतच नाही, 'अमक्या पानावर अमक्या क्रमांकावर' एवढेच पाळते. त्यामुळे क्रम चुकणे तिथून सहसा येत नाही. तुमच्या बाबतीत तीन कारणे संभवतात आणि तिन्ही एकाच वेळी असू शकतात.

फाटक्या पानांचे वर आलेच. दुसरे, तुम्ही १४.२ वर आहात. १४.० ते १४.३ या आवृत्त्यांत क्रिएट इंडेक्स कन्करंटली आणि रीइंडेक्स कन्करंटली यांत दोष होता, चालू व्यवहारांत घातलेल्या इंडेक्समधून काही ओळी सुटू शकत होत्या. जून २०२२ मध्ये १४.४ मध्ये तो दुरुस्त झाला. तुमचा गेल्या वर्षीचा इंडेक्स चालू कामात तसा घातला असेल तर तोही संशयित.

तिसरे आपल्या भागात सगळ्यात जास्त आढळते. जुन्या सर्व्हरवर उबंटू १८.०४ होते आणि पीजी अपग्रेड या कमांडने डेटा आणला असेल, तर इंडेक्सच्या फाईली जशाच्या तशा आल्या. पण अक्षरांचा क्रम ठरवते जीलिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी, आणि तिच्या २.२८ या ऑगस्ट २०१८ च्या आवृत्तीत हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. १८.०४ मध्ये २.२७ होती, २२.०४ मध्ये २.३५ आहे. जुन्या क्रमाने लावलेली यादी आणि नव्या क्रमाने शोधणारा माणूस, मग नाव समोर असून सापडत नाही. आपल्याकडे एकाच टेबलमध्ये मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांतली नावे असतात, तिथे अशी फसगत लवकर उघडी पडते. त्याहून वाईट म्हणजे युनिक इंडेक्स असूनही तेच नाव किंवा कोड दोनदा शिरू शकतो.

तपासायला सोपे आहे. न सापडणारे एक नाव घ्या, त्या सेशनपुरते इंडेक्स स्कॅन, इंडेक्स ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन बंद करा, तोच प्रश्न पुन्हा विचारा. आता सापडले तर टेबल शाबूत आहे, इंडेक्स चुकला आहे. मग पीजी अ‍ॅमचेक ही तपासणीची कमांड चालवा, हीपऑलइंडेक्स्ड पर्यायासह. ते टेबलही तपासते आणि बी-ट्रीही. जिन इंडेक्स चौदाव्या आवृत्तीत त्याला तपासता येत नाही, तो सरळ नव्याने बांधा. टेबलमध्ये दोष निघाला तर मात्र थांबा, काहीही दुरुस्त करू नका, आधी संपूर्ण फोल्डरची प्रत काढा. इंडेक्स हा टेबलवरून पुन्हा काढता येतो, टेबल कशावरूनच काढता येत नाही.

रिकव्हरी 'खूप हळू' वाटते पण खरे तर पुन्हा पुन्हा मरते, असेही होते. इंडेक्सचे पान बिघडलेले असेल तर रीडू त्या नोंदीवर पॅनिक देऊन थांबते, सर्व्हिस तिला पुन्हा उठवते, ती पहिल्यापासून चालते आणि तिथेच मरते. बाहेरून बघणाऱ्याला दोन तास रिकव्हरी चालू आहे असेच दिसते. लॉगमध्ये 'रीडू सुरू' ही ओळ एकापेक्षा जास्त वेळा दिसते का, ते आधी बघा. तुमच्याकडे तसे अजून झालेले नाही. फुल पेज राइट्स बंद ठेवून आणखी एक पावसाळा काढला तर होईल.

तुमच्याच शाखेतल्या जुन्या मशीनवर मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर तिथले चित्र थोडे वेगळे. त्यांच्यातली डेटा सांभाळणारी यंत्रणा, इनोडीबी, आधी रीडू करते आणि अर्धवट राहिलेले व्यवहार पार्श्वभूमीवर मागे घेते. दुय्यम इंडेक्समधले बदल ती चेंज बफरमध्ये साठवत असे. त्या बफरमधून इंडेक्स बिघडण्याचे इतके प्रकार झाले की मारियाडीबीने १०.६.७ पासून ते मुळात बंद ठेवले आणि ११.० मध्ये काढूनच टाकले. मायएसक्यूएलनेही ८.४ मध्ये ते मुळात बंद केले. उघडतच नसेल तर इनोडीबी फोर्स रिकव्हरी १ पासून एकेक पायरी चढा, आणि ३ च्या पुढे जायचे तर फक्त प्रतीवर. ४ आणि त्यावरच्या पायऱ्यांनी डेटा कायमचा बिघडू शकतो.

आता तुमच्या कामाचा क्रम. फुल पेज राइट्स आज. पूर्ण बॅकअप आज रात्री, आणि तो दुसऱ्या मशीनवर उतरवून उघडतो हे बघून. येत्या रविवारी सर्व्हर नीट बंद करून चौदाव्या मालिकेतली सगळ्यात ताजी आवृत्ती घाला. त्यासाठी डेटा काढून पुन्हा भरावा लागत नाही. मग अ‍ॅमचेक, आणि मजकुराच्या रकान्यांवरचे सगळे इंडेक्स नव्याने. युनिक इंडेक्स बांधताना दुहेरी नोंदीची तक्रार आली तर ती नोंद कागदपत्रे बघून व्यवस्थापकांच्या सहीने मिटवा, स्वतःहून एक ओळ उडवू नका.

वॉलडंपने संशय खरा ठरवला की पुरवठादाराशी बोलून 'शेवटचा बदल' इंडेक्स काढा. ट्रायग्रामचा इंडेक्स पिग्मी खात्यांवरून हलवून सभासदांच्या मूळ टेबलवर न्या, नाव-गाव तिथे असायला हवे आणि ते वर्षातून क्वचित बदलते. पिग्मी टेबलचा फिलफॅक्टर (पान किती टक्के भरायचे) ८५ करून व्हॅक्यूम फुल, म्हणजे टेबल नव्याने लिहिणे, त्याच रविवारी, म्हणजे प्रत्येक पानावर हॉट अपडेटला जागा राहील. त्यानंतरच चेकपॉइंटकडे वळा. टाइमआउट १५ मिनिटे, मॅक्स वॉल साईझ ४ जीबी. लक्षात घ्या, एक चेकपॉइंट अर्धवट असताना लाईट गेली तर रिकव्हरी त्याच्या आधीच्या खुणेपासून होते, म्हणजे एक तासाच्या सेटिंगला जवळपास दोन तासांची कीर्द चढवावी लागू शकते. शेअर्ड बफर्स अजून मूळच्या १२८ एमबीवर असतील तर ८ जीबी करा, रिकव्हरीलाही तेच बफर्स वापरले जातात.

यूपीएसच्या बॅटरीचा खर्च संचालक मंडळापुढे मांडताना डिस्कच्या खर्चासोबत मांडा. यूपीएस यूएसबीने सर्व्हरला जोडून बॅटरी निम्म्यावर आली की पोस्टग्रेस आपोआप नीट बंद होईल अशी व्यवस्था करता येते, आणि नीट बंद झालेल्या डेटाबेसला रिकव्हरी लागतच नाही. एसएसडी घेणार असाल तर लाईट गेल्यावरही हातातले लिखाण पूर्ण करणारी, पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेलीच घ्या, नाहीतर फाटक्या पानांचा प्रश्न नव्या रूपात परत येईल.

रविवारचे काम झाल्यावर सोमवारची संध्याकाळ पुन्हा वॉलडंपने मोजा आणि आधीच्या तक्त्याशेजारी ठेवा. फुल पेज राइट्स चालू केल्याने पूर्ण पानांच्या प्रतींचा रकाना वाढलेला दिसेल, त्याला घाबरू नका. बीट्री आणि जिनच्या नोंदींची संख्या किती उतरली ते बघा. ते दोन्ही तक्ते आणि हॉट अपडेटचा आकडा मला कळवा, उरलेल्या सात इंडेक्सपैकी आणखी कोणते काढता येतील ते त्यावरून सांगतो.